शिंगाड्यातला बॉल

आमच्या गावच्या चहाच्या हॉटेलात एक सेमीफायनल वर्षानुवर्षं चालू आहे. खेळणारे केव्हाच थकले, काहींची पोरं आता शर्टावर नंबर लावून खेळतात, पण हॉटेलाच्या बाकड्यावर अजून बॉल तलावातच आहे आणि घड्याळ चालूच आहे. शेवटच्या दहा मिनिटांत बॉल पाण्यात मारायला हवा होता की पायात ठेवायला हवा होता, यावर तिथं जेवढी तोंडं चालली तेवढे हात चालले असते तर गावाचा रस्ता डांबरी झाला असता. मला या चर्चेचा राग येतो. येणारच. ज्याच्या पायातून तो बॉल पाण्यात गेला तो माझा नवरा, आणि ज्यानं तो पाण्यातून परत आणला तो माझा सासरा.

मी चिमूरकडची. आम्हीही मासेमारच, पण माझ्या वडिलांनी जाळं सोडून धानाची शेती धरलेली. त्यामुळे नव्वदनंतर लग्न होऊन मुलचेऱ्याकडच्या या गावात आले तेव्हा मला ना डोंग्यात, म्हणजे इकडच्या लाकडी होडीत, बसता येत होतं, ना माशाचा वास सहन होत होता. सासू नव्हती. घरात नवरा, सासरे आणि मी. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. हे मामाजी बोलायचे कमी आणि तलावावर असायचे जास्त. पहिल्या वर्षी मला वाटायचं, या माणसाचं लग्न तलावाशीच झालंय आणि आम्ही दोघं उगाच मध्ये राहून राह्यलो.

इकडे फुटबॉल कुठून आला, असं बाहेरचे विचारतात. आमच्या आजूबाजूला बंगाली गावं आहेत. ते लोक निर्वासित म्हणून आले, जंगल तोडून वसले आणि येताना फुटबॉल घेऊन आले. आमच्या गावच्या पोरांनी आधी त्यांचा खेळ तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसून पाहिला, मग त्यांच्याशी खेळून हरले, मग एक दिवस जिंकले, आणि जिंकल्यापासून बिघडले. धान कापून झालं की दोन महिने गावात दुसरा विषय नसायचा. बायका धान पाखडताना कोण बॅकला खेळणार यावर बोलायच्या. मीही बोलायला लागले, कारण बॅकला माझा नवरा खेळायचा आणि टीमचा कॅप्टनही तोच होता.

आमचं मैदान तलावाला लागून. एका बाजूला शाळा, एका बाजूला तलावाची उंच पाळ, आणि एक पूर्ण लांब बाजू म्हणजे पाणीच. चुन्याची रेघ आणि पाणी यांच्यात एक बैलगाडी जाईल एवढीच जागा. जोरात मारलेला बॉल पाण्यातच जायचा. बॉल धड असा एकच. दुसऱ्यातली हवा तुम्ही बघता बघता जायची. म्हणून पहिल्यापासून रीत अशी की बॉल पाण्यात गेला तर मामाजी डोंगा घेऊन जातील आणि आणतील, तोवर सगळे थांबतील, पण घड्याळ थांबणार नाही. आजूबाजूच्या सगळ्या गावांनी हे मान्य केलं होतं. याचं कारण मामाजी. त्यांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "मले कोनी जल्दी करा म्हनू नका, कोनी हळू करा म्हनू नका. हात जसा चालते तसा चालन." आणि हात तसाच चालायचा. आपलं गाव जिंकत असो की हरत असो, वल्हं त्याच चालीनं पडायचं. बंगाली गावची माणसं आमच्याशी जमिनीवरून भांडली, जाळ्यांवरून भांडली, पण मामाजींच्या डोंग्यावर त्यांनी कधी बोट दाखवलं नाही.

त्या वर्षीची स्पर्धा मोठी होती. राजुऱ्याकडच्या एका कोळसा खाणीच्या लोकांनी ढाल ठेवली होती, म्हणून फायनल त्यांच्या मैदानावर होणार होती. खाणीची स्वतःची टीम होती आणि त्या टीमला शिकवणारा माणूस आमच्याकडे एक मॅच बघून गेला होता. जाताना त्यानं माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "फायनलला ये. साहेबांसमोर खेळ. पुढचं मी बघतो." पुढचं म्हणजे खाणीत नोकरी आणि राहायला क्वार्टर. साहेब फक्त फायनललाच येणार होते. म्हणजे सेमीफायनल जिंकली तर दार उघडणार होतं, नाही तर ते दार आहे हेही विसरून जायचं होतं.

मी तर क्वार्टरमध्ये राहायलाही गेले होते, मनातल्या मनात. नळ कुठं असेल, चूल कुठं मांडायची, खिडकीला पडदा कोणता, सगळं ठरवून टाकलं होतं. नवरा वरून म्हणायचा, "पाहू ना, अजून मॅच व्हाची आहे," पण सकाळी अंधारात उठून पाळीवरून धावायला लागला होता. एकदा जेवताना मीच म्हटलं, "मामाजी, नोकरी लागली तर तुमीबी आमच्यासंगं चला." ते म्हणाले, "तिथी तलाव आहे काय?" मी म्हटलं, नाही. त्यांनी भात कालवला आणि पुढचा घास घेतला. एकुलता एक मुलगा. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्या घासाबरोबर आत गेलं.

तेव्हा तलावात शिंगाडे लागलेले होते. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, शिंगाड्याचा वेल पाण्यावर पसरतो, पानं तरंगतात आणि फळं पानाखाली लागतात. पावसाळ्यात लावायचा, दिवाळीपासून काढायला सुरुवात. आमच्या वाटणीचा पट्टा मैदानासमोरच होता, चारी बाजूंनी बांबू रोवलेला. त्या वर्षी लावणीला मीही छातीभर पाण्यात उभी होते. शिंगाड्याचा एक नियम तलावावरच्या लहान पोरालाही माहीत असतो. पिकात डोंगा घालायचा नाही. वेल वल्ह्याला गुंडाळतात, मुळं सुटतात, कोवळी फळं तळाला जातात. तोडणी असली की काठाकाठानं वेल हातानं बाजूला सारत जायचं, एरवी लांबून वळसा. मामाजी या बाबतीत इतके कडक की एकदा पाहुण्याच्या पोरानं पट्ट्यात डोंगा घातला तर त्यांनी त्या पाहुण्याला दोन वर्षं घरी बोलावलं नव्हतं.

सेमीफायनल बंगाली गावाशीच पडली. सगळं गाव पाळीवर. आम्ही बायका वरच्या अंगाला, पुरुष खाली रेघेजवळ. रेफ्री म्हणून मुलचेऱ्याचे एक गुरुजी आले होते आणि मैदानावर घड्याळ फक्त त्यांच्या मनगटावर होतं. दोन्हीकडचे लोक त्यांना "गुरुजी, किती राह्यले?" विचारून इतकं हैराण करायचे की ते तो हात खिशात घालून धावायचे.

दुसऱ्या हाफच्या मध्यावर आमचा एक गोल झाला. मग बंगाल्यांनी आमची जी धावपळ उडवली ती सांगायची सोय नाही. बॉल सारखा आमच्याच गोलपुढे. माझ्या नवऱ्याचा शर्ट मातीनं असा भरला होता की नंबर दिसेना. मला दुसरं काय करता येत होतं? पदराचं टोक पिळत बसले होते.

तेवढ्यात गुरुजींनी दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली. दहा मिनिटं. आणि खाली रेघेवर आमच्याच लोकांचं भांडण पेटलं.

आमच्या टीमला शिकवणारा म्हणजे गावचा सायकल दुरुस्तीवाला. तो ओरडला, "पान्यात मार! पान्यात मार! टाइम खा!" त्याच्या शेजारी हॉटेलवाला उभा होता, तो उलटा ओरडला, "पागल झाला काय बे? पान्यात मारला का थ्रो त्याइले भेटते. कोपऱ्यात ने, पायात दाबून ठेव!"

"पायात ठेवाले त्याचे पाय राह्यले काय? पाहून नाई राह्यला तू?"

"मंग अजून एक गोल करा ना!"

"गोल करा म्हनते! चहा करा म्हनल्यासारखा!"

मैदानावर माझा नवरा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. मग समोरून त्यांचा उंच खेळाडू आला आणि नवऱ्यानं बॉल पाण्यात मारला. मामाजी डोंगा घेऊन निघाले, नेहमीच्या चालीनं गेले, नेहमीच्या चालीनं आले. बॉल मोकळ्या पाण्यात होता. थोडा वेळ गेला, पण फार नाही. दुसऱ्यांदा मारला, तेव्हाही तसंच. सायकलवाला आनंदानं नाचत होता. हॉटेलवाला कपाळावर हात मारून घेत होता. बंगाली गावचे लोक शांत उभे होते. त्यांना राग आला नसेल असं नाही, पण रीत सगळ्यांनी मान्य केलेली होती आणि उद्या त्यांनाही तेच करावं लागलं असतं.

तिसऱ्या वेळी माझ्या नवऱ्यानं मान वर केली, तलावाकडे पाहिलं आणि नेम धरून बॉल मारला. तो चुकून गेला नाही. बांबूंच्या आत, आमच्या शिंगाड्याच्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध पडला आणि पानांवर जाऊन बसला. क्षणभर कोणाला कळलं नाही. मग सगळ्यांना एकदम कळलं आणि पाळीवर जल्लोष झाला. मामाजी पिकात डोंगा घालणार नाहीत. पट्ट्याला लांबून वळसा घेऊन पलीकडून जातील, काठाकाठानं वेल सारतील, तोवर गुरुजींची शिट्टी वाजेल. बापाचा स्वभाव मुलाला पाठ होता. त्यानं मॅच त्या स्वभावावर लावली होती. मला त्या क्षणी माझ्या नवऱ्याचं एवढं कौतुक वाटलं की मी शेजारणीचा हात धरला.

मामाजी डोंग्यात चढले. आणि तेव्हा गावानं, म्हणजे आपल्याच शहाण्या गावानं, तोंड उघडलं. "भाऊ, फिरून जा! फिरून जा! आरामात!" सायकलवाला, त्याच्यामागे सगळेच. आजवर त्यांना कोणी हळू म्हटलं नव्हतं. बंगाली गावचे लोक पाण्याच्या काठापर्यंत आले होते आणि त्यांच्यातलं कोणीही एक शब्द बोललं नाही. ते नुसते मामाजींकडे बघत होते.

मामाजींनी डोंगा वळवला तो सरळ. पहिल्या बांबूला लागून आत. वेल वल्ह्याला अडकले, त्यांनी वल्हं उपसलं, वेल तुटून वर आले, मुळांसकट, खालून पांढरी कोवळी फळं लोंबत. परत वल्हं घातलं. मी बसल्या जागेवरून बघत होते. मी लावलेले वेल होते ते. पण रडू वेलांसाठी आलं की क्वार्टरसाठी, की बॉल इतक्या लवकर हातात आला म्हणून, ते तेव्हाही कळलं नाही आणि आजही नीट सांगता येत नाही. पाळीवर आता फक्त वल्ह्याचा आणि तुटणाऱ्या वेलांचा आवाज येत होता. मामाजी बॉल घेऊन त्याच वाटेनं परत आले, रेघेजवळ आले आणि बॉल बंगाली टीमच्या मुलाच्या हातात दिला. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही, घडायलाही लागला नाही. थ्रो झाला, बॉल उंच आला, आमच्या गोलकीपरचा हात लागून आत गेला. एक-एक. गुरुजींनी खिशातून हात काढला आणि शिट्टी वाजवली. मग पेनल्टी. त्यात आम्ही हरलो. बंगाली गावचा कॅप्टन येऊन माझ्या नवऱ्याला मिठी मारून गेला. मग तो मामाजींकडे गेला आणि त्यांच्या पायांना हात लावला. ते त्यानं करायला नको होतं. मनापासूनच केलं असणार, पण गावानं ते पाहिलं.

घरी आल्यावर मी भात केला. दोघांनीही जेवण केलं. मला वाटलं होतं नवरा ओरडेल, ताट फेकेल, निदान विचारेल तरी. मला ते हवं होतं. त्यानं मामाजींना मीठ दिलं आणि म्हणाला, "बाबा, उद्या वेल बसवाले मी येतो." दुसऱ्या दिवशी दोघं एकाच डोंग्यातून गेले आणि तुटलेले वेल गोळा करत, सुटलेले परत मातीत दाबत दुपारपर्यंत वाकून राहिले. मी पाळीवरून बघत होते. दोघांच्या पाठी अगदी सारख्या. मला त्या दोघांचा संताप आला होता आणि त्या डोंग्यात माझ्यासाठी जागा नव्हती.

खाणीचा माणूस परत आला नाही. पुढच्या वर्षी खाणवाल्यांनी बाहेरचे खेळाडू घेणंच बंद केलं असं कानावर आलं. नवरा आणखी काही वर्षं खेळला. मग धानाच्या बांधीवर मजुरी, तलावावर मासे, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, जसं सगळ्यांचं चालतं तसं आमचं चाललं. मी डोंग्यात बसायला शिकले.

आणि हॉटेलात चर्चा सुरू झाली ती झालीच. सुरुवातीला ती घड्याळाचीच होती. हॉटेलवाल्याचं म्हणणं, पाण्यात मारणं हीच चूक, तीन थ्रो दिले म्हणजे तीन चान्स दिले. सायकलवाल्याचं म्हणणं, पाण्यात मारणं बरोबर, फक्त तिसरा शाळेच्या बाजूला मारायचा होता, तिथं काट्यांची झुडपं आहेत. मग कोणी म्हणायचं, दहा मिनिटं राहिली असताना टाइम खाणं हेच भित्रेपण, पाच राहिल्यावर खायचा असतो. ही माणसं स्वतःच्या घरी वेळेवर जेवायला जात नाहीत, आणि दुसऱ्याच्या दहा मिनिटांचा हिशोब करतात.

पण घड्याळावरचं बोलणं हळूहळू डोंग्यावर यायचं. म्हातारा सरळ काऊन गेला? यावर तीन मतं होती. एक, म्हातारा इमानदार, बॉल कुठंही पडो, लवकर आणणं त्याचं काम. दोन, म्हातारा हट्टी, सगळ्यांनी फिरून जा म्हटलं म्हणून सरळ गेला, कोणी काही बोललं नसतं तर फिरूनच गेला असता. आणि तिसरं मत, जे आवाज खाली करून बोलायचे आणि मग मी रस्त्यानं जाताना दिसले की एकदम गप्प व्हायचे. म्हाताऱ्याला पोरगा जाऊ द्यायचा नव्हता.

माझा नवरा त्याच हॉटेलात रोज जायचा. मला वाटायचं, या माणसाला लाज कशी नाही? तिथं बसून, त्यांच्यातच मिसळून, तो आपल्याच मॅचवर बोलायचा. डोंग्याचा विषय निघाला की म्हणायचा, "बाबाचं काय त्यात? चूक मायी. कोपऱ्यात न्यायले पाहिजे होता." हॉटेलवाला खूश व्हायचा, चहा पुढे करायचा. घरी येऊन तेच मला सांगायचा. "मी म्हनलं, चूक मायीच होती." मी दरवेळी भांडायचे. "तुमची कायची चूक? पाहून मारला तुमी. तुमाले माईत होतं ते कोनालेच माईत नव्हतं. चूक तुमची नाई, नाई, नाई." तो ऐकून घ्यायचा आणि जाळं घेऊन निघून जायचा. मामाजी अंगणातच असायचे. त्यांच्या कानावर हे सगळं जायचं. जावं म्हणूनच मी मोठ्यानं बोलायचे.

पुढे हॉटेलात टीव्ही आला. एकदा परदेशातली कुठली तरी मॅच लागली होती. मी तेल घ्यायला शेजारच्या दुकानात गेले होते. जिंकत असलेल्या टीमचा एक खेळाडू बॉल कोपऱ्यात घेऊन गेला आणि पाठ करून उभा राहिला, वेळ खात. सगळं हॉटेल टीव्हीकडे पाहायचं सोडून माझ्या नवऱ्याकडे वळलं. हॉटेलवाला ओरडला, "पाह्य! पाह्य! मी काय म्हनत होतो?" नवरा हसला. सगळे हसले. मी तेलाची बाटली तिथंच ठेवून घरी आले आणि मग तेलाशिवाय भाजी केली.

मामाजी थकले. डोळ्यांना कमी दिसायला लागलं, डोंगा सुटला. दिवसभर अंगणात बसून बोटांनी चाचपत जाळ्याची भोकं शिवायचे. बॉल आणायला आता दुसरं कोणी जात असे आणि त्याच्यावर दोन्हीकडून आरडाओरडा चालत असे, जल्दी कर, हळू कर, सगळं. मी मनात म्हणायचे, बरं झालं.

एक दिवस दुपारी मी अंगणात शिंगाडे उकडत होते. नवरा कामावर गेला होता. मामाजी समोर जाळं घेऊन बसले होते. मी विचारायचं ठरवलं नव्हतं. पण इतकी वर्षं गावानं आमच्या घराविषयी बोलावं आणि घरात कोणी बोलू नये, याचा मला त्या दिवशी एकदम वीट आला.

"मामाजी, एक इचारू?"

"इचार."

"त्या दिवशी तुमी शिंगाड्यातून काऊन गेले?"

कोणता दिवस, असं त्यांनी विचारलं नाही. हातातली सुई थांबली. मी वाट बघत होते. मला तीनपैकी एक उत्तर हवं होतं. खरं सांगते, मला तिसरंच हवं होतं. ते म्हणाले असते, हाव, मले त्याले जाऊ द्याचं नव्हतं, तर मी त्यांच्याशी मनसोक्त भांडले असते आणि मग कदाचित माफही केलं असतं. इमानदारीवर कसं भांडणार?

त्यांनी सुई जाळ्यात खोवून ठेवली. "मले माईत नाई, बाई."

"माईत नाई कसं, मामाजी? तुमीच होते ना डोंग्यात."

"मीच होतो. वल्हं हातात घेतलं तवा डोक्यात सगळंच होतं. बॉल आनाचा, हे होतं. लोकं वरडून राह्यले, त्याचा रागबी होता. अन् पोरगा गेला तं घरात कोन, हेबी होतं. नव्हतं असं नाई म्हनत." त्यांनी जाळं चाचपलं, भोक सापडलं नाही, परत चाचपलं. "आता हातानं कोनाचं आयकलं, ते मले काय माईत? मी बी रोज मनात तेच पाह्यतो. हाटिलातली लोकं बोलून तरी राह्यली."

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"त्यानं मले एकदाबी इचारलं नाई," ते म्हणाले. "इचारलं असतं तं बरं झालं असतं. आता तू त्याले सांगू नोको."

"काय सांगू नोको?"

"हेच. का मले माईत नाई."

तेव्हा मला समजलं की माझ्या नवऱ्यानं ते का विचारलं नाही. त्याला तिन्ही उत्तरं झेपली असती. इमानदारीही झेपली असती, हट्टही, आणि बापाला आपण जवळ हवे होतो हेसुद्धा. झेपलं नसतं ते बापाच्या तोंडचं "मले माईत नाई". म्हणून तो रोज हॉटेलात जाऊन सगळी चूक स्वतःकडे घेत होता, कारण चूक त्याची असली की बापाला कोणी काही विचारणार नव्हतं, आणि त्यालाही विचारावं लागणार नव्हतं. मी मात्र इतकी वर्षं मोठ्यानं ओरडून ती चूक त्याच्या हातातून काढून अंगणात बापापुढे टाकत होते.

संध्याकाळी नवरा हॉटेलावरून आला. हातपाय धुतले, ओट्यावर बसला. मी उकडलेले शिंगाडे पुढे ठेवले. मामाजी तिथंच होते. तो एक शिंगाडा सोलत म्हणाला, "आज पुन्हा तेच निंगालं होतं. सायकलवाला त्या काट्याच्या बाजूवरच अडून बसला आहे. मी म्हनलं, सोड ना गा, चूक मायीच होती."

"हाव," मी म्हटलं. "तुमचीच होती."

तो सोलता सोलता थांबला. माझ्याकडे पाहिलं, मग मामाजींकडे पाहिलं. मामाजींचा हात जाळ्यावर होता आणि तो चालत नव्हता.

"मंग," नवरा म्हणाला, "येवढे वर्स भांडत काऊन होती?"

मी खाली पडलेली सालं उचलली. त्यानं सोललेला शिंगाडा बापाच्या हातात ठेवला आणि दुसरा सोलायला घेतला.